बुजणं, अडणं, उधळणं

नाशिक रोड स्टेशनातून बाहेर पडलं की आज रिक्षांचा गराडा पडतो. इथल्या जुन्या माणसांना याच जागेवरचे टांगे आठवतात. तोंडाला तोबरा बांधलेले, एक मागचा पाय सैल सोडून उभ्या-उभ्या डुलकी काढणारे घोडे, आणि त्यांच्या डोळ्यांच्या दोन्ही अंगांना चामड्याची झापडं. गाडीची शिट्टी झाली, हमालानं ट्रंक दाणकन खाली टाकली, शेजारून एसटी घासून गेली, तरी घोडा नुसता कान हलवी आणि पुन्हा डुलकी काढी. पण रस्त्याच्या कडेला वाळत टाकलेलं एखादं धोतर वाऱ्यानं फडफडलं, तर तोच घोडा टांग्यासकट वीतभर उडे. आतल्या सवाऱ्या एकमेकांवर आदळत. टांगेवाला लगाम आवळून, चुचकारून त्याला शांत करी आणि मागं वळून एवढंच सांगे : ‘काही नाही, बुजलं जरा.’

मराठीत घोड्याच्या भीतीसाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत. घोडं बुजतं, घोडं अडतं आणि घोडं उधळतं. बुजणं म्हणजे अचानक काही दिसल्यावर बाजूला उडी मारणं. अडणं म्हणजे समोरच्या गोष्टीपुढं पाय रोवून थांबणं. उधळणं म्हणजे कशापासून पळतो आहोत याचंही भान सुटून पळत राहणं. घोड्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनी घडवलेली ही भाषा आहे आणि आजच्या संशोधनालाही या तीन वर्तनांत फरक करावा लागतो. धडकणं हे चौथं क्रियापद मात्र घोड्याच्या स्वभावात नाही. ज्या प्राण्याचं सगळं शरीर पळून जीव वाचवण्यासाठी बनलेलं आहे, तो आपण होऊन कशावर आदळत नाही. तो आदळतो तेव्हा त्याची नजर, त्याचं अंतर किंवा बाजूला होण्याची मुभा कुणीतरी काढून घेतलेली असते. भरधाव घोड्यांच्या अपघातांच्या नोंदी वाचत गेलं, की हे पुन्हा पुन्हा दिसतं.

ही मुभा काढून घेण्याचं एक उदाहरण नाशिक रोडच्याच रस्त्यावर होतं. १८८९च्या सुमारास स्टेशनपासून नाशिकच्या मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत ट्राम सुरू झाली. अंतर आठ-दहा किलोमीटर, लाकडी डबे दोन आणि ते ओढायला चार घोडे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि आता तिची खूणही रस्त्यावर सापडत नाही. टांग्याचा घोडा समोर गाय आली तर वळसा घालतो. ट्रामच्या घोड्याला तसं करता येत नाही, कारण मागचा डबा रुळांना बांधलेला असतो. शिवाय लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घरंगळतं. घोडे थांबले तरी डबा थांबेलच असं नाही, तो ब्रेकनंच थांबवावा लागतो. समोरच्या अडथळ्याची भीती आणि पाठीवर येणाऱ्या वजनाची भीती, या दोहोंमध्ये तो घोडा अडकलेला असतो. मुंबईत आणि कोलकात्यातही ट्रामची सुरुवात घोड्यांवरच झाली होती. त्या जनावरांनी हे रोज सोसलं असणार.

घोडा का बुजतो, याचं उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमध्ये सर्वांत मोठ्या डोळ्यांत घोड्याच्या डोळ्यांची गणना होते. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांचं दृश्य दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच : अगदी पाठीमागची एक चिंचोळी पट्टी आणि कपाळाच्या थेट पुढची, नाकाखालची थोडी जागा. पण हे अफाट दृश्य बहुतांशी एकेका डोळ्यानं पाहिलेलं असतं. दोन्ही डोळ्यांनी मिळून, म्हणजे खोली आणि अंतर जोखत पाहता येईल असा समोरचा भाग फार तर सत्तर-ऐंशी अंशांचा. त्यातही नीट पाहायला घोड्याला डोकं वर-खाली करावं लागतं. लांबचं पाहताना तो मान उंचावतो, पायाजवळचं पाहताना खाली घालतो. स्वारानं लगाम आखडून त्याची हनुवटी छातीशी आणली, तर पुढचा रस्ताच त्याच्या नजरेतून जातो.

कडेची नजर बारकाव्यात कच्ची असते, पण हालचाल तिला झटकन कळते. गवतात हललेलं काही म्हणजे वाघ असू शकतो, या हिशेबानं ती घडली आहे. फडफडणारं धोतर, उडणारी प्लास्टिकची पिशवी, उघडणारी छत्री या सगळ्या गोष्टी घोड्याला आधी कडेनं दिसतात. काय आहे ते कळायच्या आत पाय उचललेले असतात. झापडं लावायची ती यासाठी. आपण ‘झापडबंद’ हा शब्द माणसाच्या विचारांसाठी दूषण म्हणून वापरतो. टांगेवाल्यानं मात्र ती घोड्याला भीतीपासून वाचवायला लावलेली असत. त्याची किंमतही होती. झापडं लावलेल्या घोड्याला कडेनं आलेली सायकल दिसत नाही. ती दिसते तेव्हा समोर आलेली असते आणि मग वेळ उरलेला नसतो.

अंधार-उजेडाचंही तसंच. घोड्याला रात्री माणसापेक्षा चांगलं दिसतं, पण लख्ख उजेडातून अंधारात किंवा उलट जाताना त्याचे डोळे जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतात. अंधाऱ्या ट्रकमध्ये चढायला, बोगद्यात शिरायला घोडा अडतो, तेव्हा तिथं त्याला काळं भोक दिसत असतं. रंगांची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. निळा आणि पिवळा हे त्याला ओळखू येतात. लाल, केशरी आणि हिरवा यांच्यात त्याचा गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींतल्या कुंपणांवर वर्षानुवर्षं केशरी पट्ट्या असत. माणसाला त्या हिरवळीवर उठून दिसत आणि घोड्यालाही दिसत असतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेनं त्या तपासल्या, तेव्हा केशरी रंग गवतात विरून जातो असं आढळलं. २०२२पासून तिथे त्या पट्ट्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या देशाला, घोड्याला काय दिसतं हे विचारायला इतकी वर्षं लागली.

आणखी एक प्रयोग तबेल्यात राबणाऱ्या प्रत्येकाला पटेल असा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात घोड्यांना मुलांच्या खेळण्याचा एक मोठा रंगीत संच दाखवून त्याची सवय केली. ते त्याच्याजवळून शांत जायला लागले. मग तोच संच, त्याच जागी, फक्त काटकोनात फिरवून ठेवला. घोडे पुन्हा बुजले. जाताना न घाबरलेला घोडा येताना त्याच दगडाला का घाबरतो, हे कोडं स्वारांना नेहमी पडतं. परतीच्या वाटेवर तो दगड त्याच्यासाठी नवा असतो.

अडण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मराठी घरात सगळ्यांना माहीत आहे. जून १८५८. ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथे इंग्रजांशी लढाई झाली आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई तिथून निघाली. तारीख कुणी १७ सांगतं, कुणी १८. तिच्या शेवटच्या क्षणांचे वृत्तांतही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पण त्यांतला एक धागा पक्का रुजला आहे. पाठलाग चालू होता, समोर नाला आला आणि घोडा अडला. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांतही घोड्यानं कालवा ओलांडायला नकार दिल्याचा उल्लेख येतो. राणीचा रोजचा घोडा तेव्हा तिच्याकडे नव्हता, हा नवा होता, असं परंपरा सांगते. शाळेत हा धडा शिकवताना घोड्याच्या वाट्याला नेहमी दोष येतो.

त्या घोड्याच्या जागी उभं राहून पाहायला हवं. खणलेला नाला हा घोड्यासाठी कुंपणाहून अवघड अडथळा असतो. कुंपण उभं असतं, लांबून दिसतं. नाला जमिनीच्या पातळीखाली असतो, जवळ गेल्यावर एकाएकी उघडतो, आणि त्याची खोली जोखायला घोड्याला मान खाली घालून दोन्ही डोळ्यांनी पाहावं लागतं. पाठलागात लगाम आवळलेला असतो आणि मान वर ओढलेली असते. त्यात पाठीवर अनोळखी स्वार, अंगात दिवसभराचा थकवा, मागे गोळ्यांचा आवाज. ओळखीचा घोडा अशा वेळी स्वाराच्या मांडीच्या दाबावर, बैठकीवर विश्वास टाकून झेप घेतो. हा विश्वास महिनोन्‌महिन्यांच्या रपेटीतून येतो, एका दिवसात येत नाही. राणी उत्तम घोडेस्वार होती याबद्दल तिच्या शत्रूंनाही शंका नव्हती. त्या नाल्याकाठी तिच्याजवळ नव्हता तो त्या विशिष्ट जनावराबरोबर घालवलेला वेळ.

आणि समजा घोडा उडाला असता, तरी शेवटच्या क्षणी त्याला नाला दिसलाच नसता. झेप घेण्याच्या ऐन वेळी अडथळा नाकाखालच्या त्या आंधळ्या जागेत गेलेला असतो. घोडा उडी मारतो ती एक-दोन पावलांपूर्वी पाहिलेल्या चित्राच्या आठवणीवर. म्हणून शेवटच्या चार पावलांत स्वारानं लगामाशी चाळा केला, की हिशेब चुकतो.

हिशेब किती घट्ट असतो ते आकड्यांत पाहावं. शर्यतीचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. माणसाची पापणी लवेपर्यंत तो पाच मीटर पुढे गेलेला असतो. त्याची एक झेप सहा-सात मीटरची, सेकंदाला दोनांहून अधिक. चौखूर धावताना प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. १८७८मध्ये एडवर्ड मायब्रिज यानं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून हे छायाचित्रांत पकडलं, तोवर चित्रकारांमध्ये यावर वाद होता. खूर जमिनीला टेकतो तो जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागापुरता, आणि तेवढ्यात एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. श्वासही पावलांना बांधलेला असतो : एका झेपेला एक श्वास. इतक्या आखीव लयीत धावणाऱ्या प्राण्याला दिशा बदलायची तर ती पुढच्या झेपेतच बदलता येते. हवेत असताना काहीच करता येत नाही.

थांबण्यासाठी तर त्याहून अधिक लागतं. उभ्या घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. थांबताना त्याला ते मागच्या पायांवर घ्यावं लागतं, पुठ्ठे खाली दाबावे लागतात, मागचे पाय पोटाखाली आणावे लागतात. त्यासाठी काही पावलं हवीत आणि पायाखाली पकड हवी. डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर नालेचं लोखंड घसरतं, आणि थांबू पाहणारा घोडा घसरत जाऊनच आदळतो. ताशी साठच्या वेगात काही आडवं आलं तर होणारा धक्का चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीवरून पडण्याइतका असतो. पाचशे किलोंचं शरीर आणि मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्या. पाय मोडलेला घोडा बहुधा वाचत नाही.

घोड्यांना भिंतीवर घालता येतं, अशी चित्रपटांनी पसरवलेली समजूत आहे. लढायांचा इतिहास वेगळं सांगतो. १८ जून १८१५ला वॉटर्लूच्या मैदानावर मार्शल ने यानं फ्रेंच घोडदळ इंग्रजांच्या पायदळावर पुन्हा पुन्हा घातलं. पायदळ चौकोन करून उभं होतं, चारही बाजूंना संगिनी रोखून. घोडे तिथपर्यंत येत आणि पाण्यानं दगडाला वळसा घालावा तसे दोन्ही बाजूंनी निघून जात. एकही चौकोन फुटला नाही. घोड्याला तिथे वाट दिसत नव्हती, एवढं साधं कारण त्यामागे होतं.

चौकोन फुटल्याची उदाहरणं थोडी आहेत आणि त्यांतलं एक पुण्याच्या घोडदळाशी जोडलेलं आहे. ८ फेब्रुवारी १८५७, इराणातलं खुशाब. इंग्रज-इराण युद्धात तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीनं इराणी पायदळाच्या चौकोनावर चाल केली. लेफ्टनंट आर्थर मूर यानं घोडा थेट संगिनींवरून उडवून आत घातला. घोडा तिथेच ठार झाला आणि कोसळला. मूर त्याच्याबरोबर पडला. लेफ्टनंट जॉन माल्कमसन यानं लढत जाऊन त्याला बाहेर काढलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फुटलेल्या फळीतून मागचे स्वार आत शिरले. ही पलटण पुढे १९२१मध्ये पूना हॉर्समध्ये विलीन झाली, आणि खुशाबला हस्तगत केलेलं, वर चांदीचा पंजा असलेलं इराणी निशाण पूना हॉर्सनं अभिमानानं जपलं.

त्याआधी स्पेनमध्ये, २३ जुलै १८१२ला गार्सिया एर्नांदेस इथे जर्मन स्वारांसमोर फ्रेंचांचा चौकोन असाच फुटला होता. तिथेही एक घोडा गोळी लागून चौकोनावर कोसळला, त्याच्या वजनानं संगिनींच्या रांगेत भगदाड पडलं, आणि तिथून वाट झाली. दोन्ही ठिकाणी फळी फोडली ती कोसळणाऱ्या घोड्याच्या शरीरानं, आणि त्या भगदाडामुळे मागच्यांना वाट दिसली. मूरच्या शौर्याची नोंद पदकावर आहे. त्याच्या घोड्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

शर्यतीच्या मैदानावर धडक वेगळ्या तऱ्हेची असते. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला होणाऱ्या शर्यती सपाट धावपट्टीच्या, तिथे कुंपणं नाहीत. पण घोळका आहे. आठ-दहा घोडे एकमेकांना खेटून वळणावर येतात. मागच्या घोड्याचा पुढचा खूर पुढच्या घोड्याच्या मागच्या खुरात अडकला, की मागचा तोंडघशी पडतो. मुळात कळपात धावताना घोडे एकमेकांपासूनचं अंतर आपोआप राखतात, रानात सोडलेले घोडे क्वचितच असे अडखळतात. शर्यतीत आतली बाजू धरण्यासाठी स्वार त्यांना त्या अंतराच्या आत घालतात. म्हणून स्वार सरळ रेषा सोडून दुसऱ्याच्या वाटेत आला का, हे पंच चित्रफिती पाहून तपासतात आणि त्याला शिक्षा करतात. बाजूचे कठडे धक्क्यानं वाकतील असे बनवण्यामागेही हाच अनुभव आहे.

८ एप्रिल १९६७ला इंग्लंडच्या ग्रँड नॅशनल शर्यतीत घडलं ते कळपाच्या वागण्याचं अस्सल उदाहरण आहे. ४४ घोडे सुटले होते. पॉपहॅम डाउन नावाचा घोडा स्वाराला पाडून मोकळाच पुढे धावत होता. तेविसाव्या कुंपणापाशी, जे त्या मैदानावरच्या सर्वांत बुटक्या कुंपणांपैकी एक, तो एकदम अडला आणि आडवा वळला. मागचे घोडे त्याच्यावर, एकमेकांवर, कुंपणावर आदळले. काही थबकले, काही उलटे फिरले, स्वार हवेत उडाले. पुढचा घोडा थांबला म्हणजे तिथे धोका आहे, असं प्रत्येक घोड्यानं वाचलं आणि प्रत्येक जण अडला. फॉइनाव्हन नावाचा, शंभरास एक भाव असलेला घोडा इतका मागे होता, की त्याच्या स्वाराला, जॉन बकिंगहॅमला, सगळा गोंधळ लांबूनच दिसला. कडेला एक मोकळी फट पाहून त्यानं घोडा तिथून काढला, कुंपण ओलांडलं आणि शर्यत जिंकली. १९८४पासून त्या कुंपणाला फॉइनाव्हनचं नाव आहे. त्याच्यापेक्षा वेगवान घोडे त्या दिवशी पुष्कळ होते. त्याच्यापाशी पाहायला पुरेसं अंतर होतं.

४ जून १९१३ला एप्समच्या डर्बीत ते अंतर मिळालं नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन कठड्याखालून धावपट्टीवर आली. चित्रफितीत दिसतं की काही घोडे तिच्याजवळून निघून जातात. राजाचा घोडा ॲन्मर मात्र थेट तिच्यावर येतो, ती फेकली जाते, घोडा कोसळतो, स्वार हर्बर्ट जोन्स खाली येतो. घोडा उठून एकटाच शर्यत पूर्ण करतो. डेव्हिसन चार दिवसांनी गेली. घोडा माणसाला तुडवत नाही, असं खेड्यापाड्यांत श्रद्धेनं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अट आहे : माणूस त्याला वेळेवर दिसला पाहिजे आणि पाय टाकायला दुसरी जागा पाहिजे.

कधी अडथळा नसतानाही घोडा अडथळ्याला प्रतिसाद देतो. २४ मार्च १९५६ला ग्रँड नॅशनलमध्येच ब्रिटनच्या राजमातेचा घोडा डेव्हन लॉक जिंकण्याच्या बेतात होता. शेवटची रेषा पन्नासेक यार्डांवर, मागे कुणी जवळ नाही. एकाएकी त्यानं पुढचे पाय उचलले आणि पोटावर आपटला. शेजारच्या पाण्याच्या अडथळ्याची सावली पाहून त्यानं उडी घेतली असं काहींचं मत. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस, जो पुढे रहस्यकथाकार म्हणून नावाजला, त्याला लोकांच्या प्रचंड आरोळीचा संशय होता. घोड्याचे कान त्या क्षणी पुढे टवकारले, आणि कानांवर तो आवाज आदळला, असं त्याला वाटलं.

आवाजाची ही गोष्ट नाशिक रोडला घरची आहे. लग्नसराईत जेल रोडवर, बिटको चौकात वराती निघतात. नवरदेवाचा घोडा, त्याच्या पुढ्यात पाच-सहा वर्षांचं करवलं, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं आणि चार हातांवर डीजेच्या भिंती. घोड्याचे कान स्वतंत्रपणे फिरतात, आवाज कुठून येतो हे शोधून त्यापासून दूर जाण्यासाठी. डीजेचा आवाज सगळीकडून येतो. दूर जायला दिशाच उरत नाही. त्यात पायाखाली लावलेली फटाक्यांची माळ. अनुभवी मोतद्दार अशा वेळी मोहरकी हनुवटीजवळ धरून घोड्याच्या डोक्याशी उभा राहतो, त्याच्याशी सतत बोलतो, माळ लागणार असेल तर आधीच घोडा लांब नेतो. पण वरातीतल्या उत्साही मंडळींपुढे त्याचं चालतंच असं नाही. इथला घोडा उधळला तर समोर आहेत बायकामुलं, दुचाकी, दुभाजक आणि घसरडा सिमेंटचा रस्ता. अशा अपघातात दोष घोड्यावर ढकलणं हा सरळ अन्याय आहे, आणि वराती काढणाऱ्यांना हे थांबवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

उत्तम शिकवलेला घोडाही उधळतो, हे लंडनमध्ये २४ एप्रिल २०२४ला दिसलं. राजाच्या घोडदळातले सात घोडे सकाळच्या रपेटीला होते. तोफांच्या सलाम्या, बँड, गर्दी यांत वाढवलेले. एका बांधकामावर वरून राडारोडा धाडकन खाली आला आणि ते उधळले. चार सैनिक खाली पडले. घोडे शहराच्या भर वाहतुकीतून मैलोन्‌मैल पळाले, एकानं उभ्या टॅक्सीला धडक दिली, एका प्रवासी बसची काच फुटली. व्हिडा हा पांढरा घोडा छातीवर रक्ताचे लोट घेऊन धावतानाचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. व्हिडा आणि क्वेकर हे दोघं गंभीर जखमी होते, पुढे बरे झाले. उभी टॅक्सी घोड्याला दिसत नाही असं नाही. पण उधळलेल्या घोड्याची सगळी नजर मागच्या धोक्यावर असते. पुढे जे येईल ते त्याच्यासाठी दुय्यम. अडणाऱ्या घोड्यात विचार चालू असतो, उधळलेल्यात तो थांबलेला असतो. म्हणूनच दोन्ही लगाम ओढून उधळलेला घोडा थांबत नाही. तोंडातल्या कडीच्या दुखण्यानं तो आणखी पळतो. जागा असेल तर एकच लगाम हळूहळू ओढून त्याला मोठ्या गोलात घ्यायचं आणि गोल लहान करत आणायचा, असं शिकवतात.

शिकवण्याची ही परंपरा नाशिकमध्ये जुनी आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं, तेव्हापासून अश्वारोहण तिथल्या शिक्षणाचा भाग आहे. त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतही प्रशिक्षणार्थी घोड्यावर बसायला शिकतात. अडथळा शिकवायची सर्वमान्य पद्धत सोपी आणि फार संयमाची आहे. आधी जमिनीवर एक बांबू आडवा टाकायचा आणि घोड्याला तो हुंगू द्यायचा. चालत ओलांडायचा, मग दुडक्या चालीनं. मग तीन बांबू ठरावीक अंतरावर. नंतर वीतभर उंच. घोड्याला कुठेही ‘इथे मला वाट नव्हती’ असा अनुभव येऊ द्यायचा नाही. चाबकानं ओलांडायला लावलेला घोडा ओलांडतो खरा, पण पुढच्या वेळी अडथळ्याची आणि चाबकाची, अशा दोन भीती घेऊन येतो. ५ फेब्रुवारी १९४९ला चिलीमध्ये कॅप्टन अल्बेर्तो लार्रागिबेल यानं वासो या घोड्यावरून २.४७ मीटर उंच उडी मारली. तो विक्रम आजही टिकून आहे. वासो आधी शर्यतीचा घोडा होता आणि त्याला उडीसाठी घडवायला बराच काळ द्यावा लागला होता.

घोड्याला संयमानं घडवण्याची हीच गोष्ट एका रेल्वे इंजिनिअरनं पुस्तक लिहून सांगितली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२मध्ये हिंदुस्थानात आला तो जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत, म्हणजे ज्या रेल्वेनं नाशिक रोड स्टेशन उभं केलं तिच्याच. पुढे त्यानं बार्शी लाइट रेल्वे बांधली. सोलापूर भागात जुन्या लोकांना ती बार्शी लाइट म्हणूनच आठवते. विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी त्यानं हवाई छत्री बनवली. आणि तो अरबी घोडे पाळत असे. १९२०मध्ये त्यानं घोडा हा सोबती आणि मित्र कसा होतो यावर पुस्तक लिहिलं. शिंगरू लहान असल्यापासून त्याला न घाबरवता माणसाची सवय करायची, हे त्याचं सूत्र. आयुष्यभर रूळ, उतार आणि ब्रेक यांचे हिशेब केलेल्या माणसानं घोड्यांबद्दल हे लिहावं, याचं अप्रूप वाटतं.

दिवाळी झाली की नगर-नाशिकच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. नाशिक रोडवरून सिन्नरकडे जाणाऱ्या पुणे महामार्गाच्या कडेनं त्यांचे तांडे दिसतात. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड : घोंगड्या, भांडी, दोरीनं पाय बांधलेल्या कोंबड्या, काल-परवा जन्मलेली कोकरं, कधी एखादं मूल. या घोड्यांना झापडं नसतात. हातभर अंतरावरून ट्रेलर जातो, हॉर्न वाजतो, वाऱ्याच्या झोतानं घोंगडीची टोकं उडतात, आणि घोडी चालत राहते. तिच्या पोटाशी लागून शिंगरू चालत असतं. ट्रेलर जवळ आला की ते शिंगरू आईच्या दुसऱ्या अंगाला जातं, तिच्या पोटाआडून पाहतं, तिचे कान कुठे आहेत ते बघतं. आईचे कान सैल असतात. चार पावलांनी शिंगरू पुन्हा रस्त्याच्या बाजूला येतं.